जपानमधल्या कुराशिकीला जायचंय? वखारींच्या पेठेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट, शिन-कुराशिकी स्टेशनवर उतरू नका. नावात कुराशिकी आहे म्हणून लोक शिनकानसेनचं म्हणजे बुलेट ट्रेनचं तिकीट थेट तिथलं काढतात, मग कळतं की नोझोमी ही सगळ्यात वेगवान गाडी तिथे थांबतच नाही, प्रत्येक स्टेशन घेत जाणारी कोदामा पकडावी लागते, आणि उतरल्यावर पुन्हा लोकलने दहाएक मिनिटं मागे यायचं कारण जुनी पेठ आहे साध्या कुराशिकी स्टेशनजवळ. पहिल्या वेळी मी हेच केलं, वर आईबाबा बरोबर आणि दोन मोठ्या बॅगा. सोपा रस्ता असा की शिनकानसेनने ओकायामाला उतरायचं, शिन-ओसाकाहून नोझोमीने साधारण पाऊण तास लागतो, हिरोशिमाहून त्याहूनही थोडं कमी, आणि तिथून जेआर म्हणजे जपान रेल्वेची लोकल पकडली की १५-१७ मिनिटांत कुराशिकी. ओकायामाच्या बोर्डावर फुकुयामाकडे जाणारी सान्यो लाइन आणि हाकुबी लाइन अशा दोन वेगळ्या गाड्या दिसतील, गोंधळू नका, दोन्ही कुराशिकीवरूनच जातात, जी आधी सुटेल तिच्यात बसा. फक्त याकुमो नावाची एक्स्प्रेस सोडा, तिला जादा तिकीट लागतं आणि एवढ्याशा अंतरासाठी ते पैसे वाया. इकोका किंवा सुइका हे प्रीपेड कार्ड असेल तर तिकीट खिडकीकडे बघायचीही गरज नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही खरं तर पहिली असायला हवी होती. बहुतेक जण ओसाका ते हिरोशिमा जाता जाता "दोन तास उतरून बघून घेऊ" असं म्हणून इथे येतात, अकरा ते एक, म्हणजे गर्दीच्या ऐन वेळी, कालव्याच्या काठावर फोटो काढतात, निळा पाव खातात आणि परत जातात, आणि मग म्हणतात की ठीक आहे, बाजार आहे जुन्या घरांचा. त्यांचं चुकत नाही, त्या वेळात तो बाजारच असतो. पण इथल्या लोकांनी जे जपलंय ती घरं आणि वखारी आहेत, दुकानं नंतर आली, म्हणून माझं म्हणणं एवढंच की दुकानं बंद असतानाची पेठ बघा. दुपारी तीन-चारला पोचा, एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी एक-दीडला निघा. एक रात्रच, पण ती राहाच.

वार बघून जा. सोमवारी ओहारा म्युझियम आणि बाकी बरीच म्युझियमं बंद असतात (सोमवारी सुट्टी आली तर बहुतेक उघडी असतात पण आपल्याला जपानच्या सुट्ट्या कुठे पाठ असतात), त्यामुळे शनिवार टाळायचा म्हणून रविवार-सोमवार ठरवलात तर फसाल. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. सीझन म्हणाल तर ओकायामा प्रांत स्वतःला "हारे नो कुनी" म्हणजे लख्ख उन्हाचा देश म्हणवतो, तरी जून-जुलैत पावसाळा असतो आणि ऑगस्टमध्ये तर दगडी रस्त्यावर भाजून निघायला होतं, विदर्भातल्या माणसालाही कठीण जाईल कारण दमटपणा भरपूर. एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा म्हणजे चेरीच्या बहराचा, एप्रिलअखेर-मेची सुरुवात टेकडीवरच्या अचि देवळातल्या फुजी वेलीच्या जांभळट गुलाबी घोसांची पण तेव्हाच गोल्डन वीक म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा असतो आणि हॉटेलं मिळत नाहीत. मला स्वतःला ऑक्टोबर आवडतो, त्याचं एक कारण पुढे सांगते.

स्टेशनवर उतरलात की मोठ्या बॅगा लॉकरमध्ये टाका किंवा राहायचं ठिकाण जवळ असेल तर थेट तिकडे ठेवा, चेक-इनच्या आधीही ठेवून घेतात. बॅगेची चाकं त्या दगडी गल्लीत इतका आवाज करतात की आपल्यालाच लाज वाटते. दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडायचं. उत्तरेकडे गेलात तर आउटलेट मॉल लागेल, तिथे १९९७ ते २००८ पर्यंत कोपनहेगनच्या तिवोलीची नक्कल असलेलं एक थीम पार्क होतं, ते बंद पडलं. म्हणजे एका बाजूला परदेशातून आणलेलं नवंकोरं काही अकरा वर्षंच टिकलं आणि दुसऱ्या बाजूला दोनशे-तीनशे वर्षांच्या मातीच्या भिंती उभ्या आहेत, त्याच स्टेशनच्या दोन दारांना. असो.

दक्षिण दारातून पेठेत जायला दोन रस्ते. चुओ-दोरी हा मोठा सरळ रस्ता, दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि डावीकडे वळलं की कालवा. दुसरा म्हणजे छप्पर असलेली बाजारगल्ली, एबिसु-दोरी. पाऊस किंवा ऊन असेल तर ही बरी, आणि तसंही मी हीच सांगेन कारण ही हळूहळू जुनी होत जाते, आधी साधी दुकानं, मग छप्पर संपतं आणि तुम्ही नकळत होनमाचीत शिरलेले असता.

आत शिरण्याआधी थोडा इतिहास डोक्यात असू द्या, नाहीतर पांढऱ्या भिंती आणि काळी कौलं यापलीकडे काही दिसत नाही. कुरा म्हणजे वखार, कोठार. नावातच वखार असलेलं हे गाव. आज कुराशिकीच्या आजूबाजूला सपाट जमीन दिसते ना, ती एके काळी समुद्राचा उथळ भाग होती, बांध घालून घालून ती जमीन काढली, आणि खारी जमीन म्हणून सुरुवातीला भात नीट येईना तर तिथे कापूस आणि चटयांचं इगुसा गवत लावलं. १६४२ मध्ये हे गाव थेट शोगुनच्या म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या ताब्यात गेलं, अशा मुलखाला तेनर्यो म्हणतात, म्हणजे इथे कुणी दाइम्यो म्हणजे सरदार नाही, किल्ला नाही, फक्त शोगुनचा एक दाइकान म्हणजे कारभारी आणि त्याची कचेरी. आजूबाजूच्या मुलखातला सारा, म्हणजे तांदूळ, इथे गोळा व्हायचा आणि कालव्यातून होड्यांनी समुद्राकडे आणि तिथून ओसाका आणि एदोला म्हणजे आजच्या तोक्योला जायचा. जिथे डोक्यावर सरदार नाही आणि माल रोज हलतो तिथे व्यापारी मोठे होणारच. आणि ते झाल्यावर भांडणंही आली, आधीपासूनची श्रीमंत घराणी ती कोरोकु आणि कापूस-जमीन-सावकारीवर नंतर वर आलेली ती शिनरोकु, गावचा कारभार कुणाच्या हातात यावरून या दोघांत बरीच वर्षं चाललं होतं. हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही जी मोठी घरं बघणार आहात त्यात इनोउए हे जुन्या श्रीमंतांचं आणि ओहाशी आणि ओहारा ही नव्यांची.

आता कालव्यावर या. सगळ्यात आधी नाकाबाशी, १८७७ चा दगडी पूल, त्याच्या मध्यावर उभं राहायचं. शेजारी कुराशिकी-कान नावाची पांढरट लाकडी विलायती धाटणीची बिल्डिंग आहे, १९१७ ची, आधी गावची कचेरी होती, आता टुरिस्ट माहिती केंद्र. इथे पहिलं काम, होडीचं तिकीट विचारा. तिकीट त्याच दिवसाचं आणि इथेच मिळतं, एका होडीत सहा जण आणि फेरी वीसेक मिनिटांची, त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारपर्यंत सगळ्या फेऱ्या संपलेल्या असतात. तुम्ही चारला पोचलात तर त्या दिवशीचं बहुधा मिळणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन घ्या. हिवाळ्यात बहुतेक शनि-रविच चालतात. होडीत बसताना गवताची टोपी देतात, ती घाला, फोटोसाठी नाही हो, उन्हासाठी. होडीतून काय वेगळं दिसतं? काठावरच्या दगडी पायऱ्या. वरून चालताना त्या जाणवतच नाहीत, पाण्यातून बघितलं की कळतं हमाल पोती घेऊन नेमके कुठून चढत-उतरत असतील. तेव्हा या पाण्याला भरती-ओहोटी होती, माल भरलेल्या होड्या भरतीवर आत यायच्या, आता नाही कारण १९५९ मध्ये कोजिमाची खाडीच बांध घालून बंद केली. आज पाणी संथ आहे आणि त्यात हंस आहेत.

पुलावर उभं राहून आणखी एक गोष्ट करा, घरांकडे बघू नका, घरांच्या मागे बघा. कौलांच्या वर आकाश आहे, टॉवर नाही, होर्डिंग नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९६८ मध्ये गावाने स्वतःचा नियम करून ही पेठ जपायला घेतली, देशाचा कायदा त्यानंतर म्हणजे १९७५ मध्ये आला आणि १९७९ मध्ये कुराशिकी त्या राष्ट्रीय यादीत गेलं. पुढे मागच्या बाजूला उंच इमारती उठायची चिन्हं दिसली तेव्हा १९९० मध्ये खास "मागचं दृश्य" जपायचा नियम केला, म्हणजे पेठेच्या हद्दीबाहेरच्या जमिनीवरही उंचीचं बंधन, कारण का तर कालव्यावरून बघताना ती बिल्डिंग डोकावेल. मला हे कळलं तेव्हा मी पुलावर पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले होते. एखादा वाडा जपणं समजू शकतं, पण वाड्यामागचं रिकामं आकाश जपायला केवढी भांडणं घालावी लागली असतील.

मग भिंती. पांढरा गिलावा दिसतो तो शिक्कुई, चुन्याचा, आणि त्याच्या आत बांबूच्या जाळीवर मातीचे थरावर थर देऊन केलेली जाड भिंत असते. हे सगळं आगीसाठी. लाकडी गावात आग लागली की सगळं जायचं, मग माल तरी वाचावा म्हणून वखार मातीची. खालच्या भागात काळ्या चौकोनी फरश्या आणि मधल्या सांध्यांवर पांढरा फुगीर चुना, अशी जाळी दिसते त्याला नामाको-काबे म्हणतात. नामाको म्हणजे समुद्रकाकडी, तो जो लांबट गुबगुबीत प्राणी असतो ना समुद्राच्या तळाशी, चुन्याची ती फुगीर पट्टी तशी दिसते म्हणून. पाऊस आणि ठिणग्या दोन्हीपासून बचाव. मग खिडक्या: माडीवरच्या खिडकीला तीन किंवा पाच उभे गज असतात ती कुराशिकी-मादो, आणि खालच्या मजल्याला लाकडी जाळी, दोन पूर्ण उंचीच्या जाड पट्ट्यांच्या मध्ये तीन बारीक आखूड पट्ट्या, ती कुराशिकी-गोशी. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे शोधायला लावा, माझ्या भाचीने एका तासात सतरा खिडक्या मोजल्या आणि एकदाही "कंटाळा आला" म्हणाली नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाचला दुकानांच्या दारावरचे कापडी पडदे, नोरेन, आत जायला लागतात. नोरेन बाहेर असेल तर दुकान चालू, आत घेतला की बंद, दार उघडं दिसलं तरी शिरायचं नाही. इथे नवखे लोक घाबरतात की सगळं बंद झालं, जेवायचं काय. म्हणून जेवणाची जागा दुपारीच ठरवून ठेवा, पेठेतली थोडीच चालू राहतात, नाहीतर स्टेशनजवळ जा, तिथे इझाकाया म्हणजे खाण्यापिण्याची छोटी ठिकाणं आहेत. जेवून परत कालव्यावर या. रात्री नऊ-दहापर्यंत दिवे असतात, मोतोको इशिई या नावाजलेल्या प्रकाशयोजनाकार बाईंनी केलेली रचना आहे ती, आणि त्यात रंगीबेरंगी काहीही नाही, भिंतीवर मंद उजेड आणि पाण्यात त्याच भिंती उलट्या. विलोच्या फांद्या हलतात तेवढीच हालचाल. कुणी तरी एखादं कुत्रं फिरवत असतं. बस.

सकाळी सातला उठून बाहेर पडा, हे मी पैज लावून सांगते की दिवसातला सर्वात चांगला वेळ आहे. आधी अचि देवस्थान, त्सुरुगाता टेकडीवर, दगडी पायऱ्या बऱ्याच आहेत पण मधे मधे टेकता येतं. वरून कौलांचा समुद्र दिसतो. ऑक्टोबर का, ते आता सांगते: या देवळाच्या शरद उत्सवात तरुण मुलं म्हाताऱ्या-म्हातारीचे मोठे मुखवटे घालून गावात फिरतात, त्यांना सुइनक्यो म्हणतात, हातात पंखा असतो आणि दिसेल त्याच्या टाळक्यात हाणतात. मार खाल्ला की आरोग्य चांगलं राहतं आणि बुद्धी येते असं मानतात, त्यामुळे आईबाप रडणारी पोरं उचलून पुढे करतात. गोष्ट अशी सांगतात की गेन्रोकु काळात, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी, एक म्हातारा पालखीबरोबर चालू शकेना म्हणून त्याने मुखवटे करवून तरुणांना आपल्या जागी पाठवलं. त्याच दिवसांत जुन्या घरांतले लोक आपले ठेवणीतले चित्रांचे पडदे रस्त्यावरून दिसतील असे मांडतात. वर्षातले दोनच दिवस, तारखा बघून जा.

टेकडीवरून खाली उतरलं की होनमाची आणि पुढे हिगाशिमाची. कालव्याकाठी मोठे व्यापारी, इकडे कारागीर आणि छोटे दुकानदार, त्यामुळे घरं अरुंद आणि रस्त्याला चिकटून. गर्दीचे नव्वद टक्के लोक इथपर्यंत येतच नाहीत. दोन घरांच्या मधून जाणारे जे बोळ आहेत ना त्यांना इथल्या बोलीत हियासाइ म्हणतात, ऊन न पोचणारी जागा अशा अर्थी. त्यातून जा, पण हळू आवाजात, कारण भिंतीपलीकडे कुणीतरी खरंच राहतंय, चहा करतंय, टीव्ही बघतंय. दरवाजा उघडा दिसला म्हणून डोकावू नका, कुंडीत हात लावू नका, आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो नकोत.

घर आतून बघायचं असेल तर ओहाशी यांचं घर, चुओ-दोरीच्या पलीकडच्या बाजूला, कालव्यापासून दोन मिनिटांवर, बांधलंय १७९६ मध्ये. बघण्यासारखं म्हणजे त्याचं पुढचं दार, नागायामोन, लांबट खोल्यांच्या मधून गेलेला दिंडी दरवाजा. असला दरवाजा व्यापाऱ्याला बांधायची परवानगी नसायची, तो सामुराई लोकांचा मान, पण ओहाशींना मिळाली, म्हणजे वजन किती असेल बघा. आत जाताना चपला-बूट काढायचे आणि पुढच्या बाजूला तोंड करून नीट ठेवायचे, हे आपल्याला नवीन नाही, पण तीन गोष्टी नवीन आहेत: उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (आपली आजीही हेच सांगायची), पाठीवरची सॅक काढून पोटाशी धरायची म्हणजे कागदी दारांना लागत नाही, आणि मोजे घालायचे. मोजे महत्त्वाचे. सँडलवर अनवाणी गेलात तर तातामीच्या चटयांवर घामट पाय घेऊन चालणं त्यांना फार खटकतं, बोलणार नाहीत, पण खटकतं. जिना असेल तर जपून, शिडीसारखा उभा असतो. होनमाचीतलं इनोउए यांचं घर पेठेतलं सर्वात जुनं मानतात, त्याच्या वरच्या खिडक्यांना आगीसाठी मातीची जाड दारं आहेत, रस्त्यावरूनच मान वर करून बघा.

ओहारा म्युझियम मात्र सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. ग्रीक देवळासारखे खांब असलेली ही बिल्डिंग वखारींच्या मध्ये कशी आली असं वाटतं ना, तर गोष्ट अशी. ओहारा मागोसाबुरो हे कापडगिरणीचे मालक, त्यांचा चित्रकार मित्र कोजिमा तोराजिरो, त्याला त्यांनी युरोपला पाठवलं आणि तिथून चित्रं आणायला सांगितली, स्वतःसाठी नाही तर जपानमधल्या चित्रकारांना खरी चित्रं बघायला मिळावीत म्हणून. कोजिमा थेट मोनेकडे जाऊन त्याच्याकडून "कमळं" घेऊन आला, एल ग्रेकोचं एक चित्र पॅरिसमध्ये मिळालं, गोगँ आला. १९२९ मध्ये कोजिमा वारला, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, आणि दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, त्याच्या आठवणीसाठी ओहारांनी हे म्युझियम उभं केलं. पाश्चात्त्य कलेचं जपानमधलं पहिलं खाजगी म्युझियम. लोक ग्रेको आणि मोने बघून बाहेर पडतात, तसं करू नका, त्याच तिकिटात मागे कारागिरीचा विभाग आहे, जुन्या वखारी वापरून केलेला, त्यात हामादा शोजीची भांडी आणि मुनाकाता शिकोची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं आहेत, आणि जमीन बघा, भिंती बघा, जड दारं बघा, वखारीच्या आत उभं राहायची याहून चांगली जागा पेठेत नाही. दोन तास ठेवा. म्युझियमसमोरचा पूल इमाबाशी, त्याच्या कठड्यावर ड्रॅगन कोरलेत, तेही कोजिमाच्याच हातचं डिझाइन.

मग आयव्ही स्क्वेअर. लाल विटांची, वेलींनी झाकलेली ही पूर्वीची कुराबो कंपनीची सूतगिरणी. कंपनी १८८८ ची, गिरणी पुढच्या वर्षीची, आणि जागा कुठली तर शोगुनच्या त्याच दाइकानच्या कचेरीची. ज्या जागेवर तांदळाचा सारा मोजला जायचा तिथे सूत निघायला लागलं. तेव्हाच्या जपानी गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस लागायचा, तो आणायला १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीने जमशेदजी टाटांच्या साथीने मुंबई-जपान बोट सुरू केली, हे तिथे उभं राहून आठवलं तर बरं वाटतं. गिरणी थांबल्यावर पाडली नाही, १९७४ मध्ये तिचं हॉटेल केलं, आवारात जायला पैसे नाहीत, तिथे राहताही येतं. खोल्या साध्या आहेत, पण सकाळी सातला पेठेत असायला याहून सोयीचं काय.

खाणं. हा भाग नीट वाचा, विशेषतः शाकाहारी असाल तर. निळा मांजू पाव, डेनिमच्या रंगाचा, सगळे हातात घेऊन फोटो काढतात, त्यात डुकराचं मांस असतं, रंगाला भुलून घेऊ नका. थंड उदोन नूडल्सवर रस्सा ओतून खातात तो बुक्काके उदोन इथे भारी मिळतो पण रश्शात माशाचा अर्क असतोच, वर भाज्या असल्या तरी. "निकु तो साकाना वा ताबेमासेन" म्हणजे मांस आणि मासे खात नाही, एवढं वाक्य पाठ करा किंवा फोनवर लिहून दाखवा, राहत्या ठिकाणी जेवण घेणार असाल तर बुकिंग करतानाच कळवा, ऐनवेळी सांगितलं तर ते बिचारे माफी मागत बसतात आणि तुम्ही भात-लोणच्यावर. सुरक्षित म्हणाल तर कॉफीहाउसमधला टोस्ट, स्टेशनवरच्या कोंबिनीत म्हणजे छोट्या दुकानात मिळणारी ओनिगिरी, म्हणजे आत उमे हे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, आणि गोड. गोडात मुरासुझुमे, १८७७ पासूनचं, पातळ पोळ्यात अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण घालून दुमडलेलं, पोळ्यात अंडं असतं एवढं लक्षात असू द्या. नावाचा अर्थ चिमण्यांचा थवा. स्वतः तव्यावर घालून बघायची सोयही असते, माझा पहिला फाटला. किबिदांगो हे चिकट तांदळाच्या मोचीच्या जातीचे मऊ गोळे, ओकायामाची खूण, प्रवासात न्यायला बरे.

मासे खाणाऱ्यांनी मात्र मामाकारी सोडू नये. तारलीच्या घराण्यातला छोटासा मासा, व्हिनेगरमध्ये मुरवलेला. मामा म्हणजे भात, कारी म्हणजे उसना घेणं, इतका चविष्ट की घरचा भात संपतो आणि शेजारी जाऊन भात उसना मागावा लागतो. आणि बाराझुशी, वर भाज्या, मासे, अंडं असा रंगीत भात, त्याची गोष्ट सांगतात की शेजारच्या ओकायामाच्या दाइम्योने काटकसरीचा हुकूम काढला, एक सूप आणि एकच पदार्थ, मग लोकांनी सगळे पदार्थ भातातच मिसळून टाकले आणि म्हणाले हा एकच पदार्थ. कुठल्याही देशातली प्रजा सारखीच.

खरेदीत फार वेळ घालवू नका पण तीन गोष्टी खरोखर इथल्या आहेत. जीन्स, कारण कोजिमा (चित्रकार नव्हे, गाव) हा कुराशिकी शहराचाच भाग आणि जपानी जीन्स १९६० च्या दशकात तिथे सुरू झाली, खोलात जायचं असेल तर अर्धा दिवस काढून तिकडेच जा. कापडी कॅनव्हासच्या पिशव्या. आणि रंगीत मास्किंग टेप, ती करणारी कंपनी कुराशिकीचीच, आधी माशा पकडायचा चिकट कागद बनवायची. टेप हलकी, स्वस्त आणि ऑफिसमधल्या सगळ्यांना वाटता येते. छोट्या दुकानांसाठी रोख येन ठेवा, पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. किमोनो भाड्याने घेतलात तर तो डावा पदर वर असा नेसवतात, मधे सुटला आणि स्वतः नीट केलात तर उलटा करू नका, उजवा वर मयताला नेसवतात. आणि कचरापेटी शोधत फिरू नका, नाहीये, एक पिशवी जवळ ठेवा आणि रात्री खोलीत रिकामी करा. खायचं ते दुकानासमोर उभं राहून संपवा, खात खात चालणं चांगलं दिसत नाही.

दुपारी ओकायामाला परत आलात आणि पुढच्या गाडीला वेळ असेल तर ट्रामने कोराकुएनला जा, १७०० मध्ये पुरी झालेली बाग, शेजारी काळा किल्ला आहे पण तो १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि आताचा १९६६ मध्ये पुन्हा उभारलेला. पुण्यातल्या सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला सगळे ओकायामा गार्डन म्हणतात, ते याच बागेवरून केलंय, आणि आत शिरल्यावर टेकडी, वळणाचं पाणी, हिरवळ बघून पुणेकराला पाच मिनिटांत ओळख पटते. माझ्या आईने तर पुलावर थांबून मोठ्याने विचारलं, "अगं, आपल्याकडे या जागी चपला काढून बसता येतं का?" आणि मग बाबा आणि ती, दोघं बाकावर बसून, तिथलं तिकीट किती आणि इथलं किती याचा येनाचे रुपये करून हिशोब करत राहिले, गाडी चुकली.